बेडकाचे तास

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या ताई पेरणीच्या गडबडीत येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)

ताईंनो, काकूंनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या सगळ्या आज्यांनो.

अध्यक्षताईंनी मला खेळणी उपक्रमाचा अहवाल वाचायला सांगितलं होतं. अहवाल मी लिहून आणला, दोन पानांचा आहे, तो सचिवताईंकडे दिला. ज्यांना बघायचा त्यांनी बघावा. वाचून दाखवला तर अर्ध्या जणी झोपतील आणि उरलेल्या चहाकडे बघत बसतील, म्हणून त्याऐवजी हा बेडूक आणलाय. हातोहात मागेपर्यंत जाऊ द्या. दाबून बघा, ओढून बघा, उलटा करून बघा. फक्त परत पाठवा, कारण आपल्याकडे हा एकच उरलाय.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे क्रोशाचं काम आहे. आपल्या आया-आज्या क्रोशाने रुमाल करायच्या, थालपोस करायच्या, दाराची तोरणं करायच्या. टाका तोच आहे, नवीन काही नाही. फरक एवढाच की रुमाल सपाट असतो आणि हा गोल फुगतो. जपानमध्ये अशी विणलेली, आत भरण घातलेली छोटी खेळणी करतात, त्यांना ‘अमिगुरुमी’ म्हणतात. आपण बेडूकच म्हणू.

आता करायचा कसा, ते आधी सांगते. पैशाचं नंतर.

सुई ३ मिलिमीटरची घ्या. लोकरीच्या गोळ्यावरच्या कागदावर बहुतेक वेळा यापेक्षा जाड सुई लिहिलेली असते, तरी बारीकच घ्या. स्वेटर सैल चालतो, खेळणं नाही चालत. टाका सैल पडला की मधून भरण डोकावतं आणि बेडकाला पांढरे डाग पडल्यासारखे दिसतात. हात दुखतो, हे मान्य. पहिले दोन दिवस अंगठा ठणकतो.

सुरुवात साखळी जोडून करू नका. बोटाला धागा गुंडाळून सैल फास करा, त्या फासात ६ मुके खांब घाला आणि मग धाग्याचं टोक ओढा. मधलं भोक पूर्ण मिटतं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले १२. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, झाले १८. चौथीत दोन टाके एकेक आणि तिसऱ्यात दोन, म्हणजे २४. पाचवीत ३०. सहावीत ३६. बघा, दर फेरीला सहाच वाढतात. डोक्यासाठी ३६ पर्यंत जायचं, धडासाठी ३० वर थांबायचं. नंतर न वाढवता सरळ विणत गेलं की कडा आपोआप वर उभी राहते आणि वाटी तयार होते. वाटी पुरेशी खोल झाली की दोन टाक्यांचा एक करत कमी करत यायचं. कमी करताना सुई दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या दोऱ्यातून घाला, मग तिथे भोक दिसत नाही. ही एवढीशी गोष्ट मला कळायला दोन आठवडे गेले, तुम्हाला फुकट देतेय.

रुमालासारखी इथे फेरी जोडायची नसते. विणकाम शंखासारखं गोल गोल चढत जातं, त्यामुळे फेरी कुठे संपली ते डोळ्याला कळत नाही. म्हणून पहिल्या टाक्यात दुसऱ्या रंगाचा दोरा किंवा सेफ्टी पिन अडकवा. आणि मोजा. प्रत्येक फेरीला मोजा. तिसऱ्या फेरीत एक टाका निसटला तर तेव्हा काही दिसत नाही. सातव्या फेरीत बेडकाचं तोंड वाकडं होतं, आणि मग आपण बेडकाला दोष देतो. क्रोशाचं एक बरं आहे, सुई काढून धागा ओढला की सरसर उसवतं. लोकर वाया जात नाही. गेला तर वेळ जातो. हा ‘वेळ’ शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे मला परत यायचंय.

डोळे म्हणजे दोन छोटे गोळे, ते डोक्यावर शिवायचे. बेडकाचा सगळा जीव डोळ्यांत असतो. ते जरा लांब-लांब शिवले तर गरीब दिसतो, जवळ शिवले तर भांडखोर. बुबुळ काळ्या दोऱ्यानेच भरा. मणी, टिकली, बटण लावू नका. लहान मूल खेळणं आधी तोंडात घालतं आणि मग त्याच्याशी खेळतं. मणी निघाला आणि घशात अडकला तर आपण कुणाला तोंड दाखवणार? आणखी एक, काम संपलं की सुया मोजून डबीत ठेवा. आपल्या केंद्रात एकदा भरण घातलेल्या पायात शिवायची सुई सापडली होती. सापडली म्हणून बरं.

भरणावरून तर पहिल्याच दिवशी भांडण झालं होतं. ज्या तेव्हा होत्या त्यांना आठवत असेल. मी विकतचं पॉलिस्टरचं भरण आणलं, तेव्हा एक काकू उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “घरात कापूस छातीएवढा रचून ठेवलाय, खाटेले जागा नाही, अन् तू आम्हाले विकतचा कापूस आणाले लावते?” यवतमाळसारख्या जिल्ह्यात उभं राहून मी या प्रश्नाला काय उत्तर देणार होते! आम्ही दोन्ही करून पाहिलं. घरचा कापूस सरकी काढून, पिंजून एका बेडकात भरला, दुसऱ्यात विकतचं भरण. दोन्ही धुतले. कापसाच्या बेडकाच्या पोटात गोळे झाले, उन्हात ठेवला तरी आतून ओला राहिला, आणि तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. विकतच्या भरणाचा संध्याकाळपर्यंत वाळला. काकूंनी स्वतः वास घेऊन निकाल दिला. पण खरं सांगते, जिंकल्याचा आनंद मला झाला नाही. अजूनही भरणाची पिशवी घेऊन गावात शिरताना घराघरातल्या कापसाच्या गंजीवरून नजर दुसरीकडे नेते.

आता पैशाचं. ही गोष्ट अहवालात एका ओळीत आहे: ‘६० खेळण्यांची मागणी पूर्ण केली.’ त्या ओळीच्या पोटात काय भरलंय ते सांगते, कारण ते मीच भरलंय.

मागच्या दिवाळीनंतर शहरातल्या एका दुकानाकडून विचारणा आली. ६० बेडूक, २० दिवसांत, नगाला १२० रुपये. मी फोनवरच ‘हो’ म्हटलं. कुणाला विचारलं नाही. नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं, पहिलीच मोठी मागणी, मी गाडीवरून उतरून रस्त्याच्या कडेला फोन घेतला होता आणि मला एवढा आनंद झाला की हेल्मेट तिथेच विसरले. हिशोब केलाच नाही असं नाही. डोक्यात केला: माल ५० रुपयांचा, विक्री १२०, नफा ७०. साठ बेडकांचे ४२०० रुपये नफा. वरिष्ठांना पाठवलेल्या टिपणात मी एक वाक्यही लिहिलं, ‘महिलांच्या फावल्या वेळेचा सदुपयोग होईल.’ कॉलेजमध्ये असं लिहायची सवयच लागते.

तो काळ वेचणीचा होता. आठ जणी कामाला बसल्या. दिवसा वावरात, संध्याकाळी चूल, पोरांचं, ढोरांचं, आणि रात्री दहाला सगळे झोपले की बल्बाखाली बेडूक. ही तुमची फावली वेळ. दहा ते बारा, कधी साडेबारा. मी एकदा रात्री मुक्कामाला थांबले तेव्हा हे डोळ्यांनी बघितलं. एक ताई विणता विणता पेंगत होती आणि पेंगतानाही ओठांनी टाके मोजत होती.

बेडूक झाले. वेळेत झाले. त्यातले १४ परत आले. दुकानदाराने काही वावगं बोलून परत केले नाहीत, साधी गोष्ट होती: आकार एकसारखे नव्हते. एकीचा हात घट्ट, एकीचा सैल. एका घरचा बेडूक लिंबाएवढा, दुसऱ्या घरचा संत्र्याएवढा. शिकवताना मी टाके शिकवले, माप शिकवलं नाही. ही पण माझीच चूक. ४६ चे पैसे आले, ५५२० रुपये. १४ चे १६८० प्रभागसंघाने निधीतून द्यावेत असा ठराव मी मांडला आणि तुम्ही तो मंजूर केलात. त्या दिवशी हात वर करणाऱ्या प्रत्येकीची मी ऋणी आहे. ज्यांनी केला नाही त्यांचंही बरोबर होतं, त्या म्हणाल्या की चूक समन्वयकाची आणि पैसे गटांचे का? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

पण खरी गोष्ट त्यानंतर घडली.

त्या आठ जणींमध्ये एक आजी आहेत. त्यांचं नाव घेत नाही, त्यांनी घेऊ नको म्हणून बजावलंय, आणि त्या आत्ता माझ्याकडे डोळे वटारून बघताहेत. त्यांना लिहिता येत नाही. अंगठा लावतात. त्यांनी नऊ बेडूक केले आणि नऊच्या नऊ पसंत पडले, एकही परत आला नाही. मी त्यांचे ६३० रुपये द्यायला घरी गेले. त्यांनी पैसे घेतले, पदराला बांधले आणि म्हणाल्या, आत ये.

आत माजघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी. घड्याळाचा मोठा काटा एक फेरा मारून आला की एक रेघ. पहिल्या बेडकापासून नवव्यापर्यंत. आम्ही दोघींनी मोजल्या. ४५ झाल्या.

आजी म्हणाल्या, “आता तूच मांड वं पोरी. तुले येते मांडता.”

६३० भागिले ४५. मी मोबाईलवर केलं, खरं तर तोंडी येण्यासारखं होतं. तासाला १४ रुपये.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “वेचणीले जाचं असलं त किलोचा भाव ठरल्याबिगर मी वावरात पाय नाही ठेवत.” बस, एवढंच. चहा केला. मला तो चहा गिळवला नाही.

ताईंनो, निंदणाला आपल्याकडे मला माहीत आहे त्या गावांत दिवसाचे २५० रुपये मिळतात. मधली भाकरीची सुट्टी काढली तर सहा तास. तासाला चाळीसच्या वर जातं. आणि मी, समाजकार्याची पदवी घेऊन आलेली मुलगी, तुम्हाला रात्री जागवून चौदाने काम करवून आले, वर त्याला नफा म्हणाले. त्या ७० रुपयांना नफा म्हणायचंच नव्हतं. ती मजुरी होती, तीही अर्धी सुद्धा नाही.

काही जणींनी तेव्हा मला समजावलं, की अगं घरीच तर बसून केलं, टीव्ही बघता बघता केलं, त्याचे काय तास मोजायचे. हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं, कारण हे वाक्य तुम्हाला माझ्यासारख्यांनीच शिकवलंय. आपण दर बैठकीला दशसूत्री म्हणतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब लेखन. हिशोबाच्या वहीत तीन रुपयांचा दंडसुद्धा आपण लिहितो. मग ४५ तास कुठे लिहिले? वहीत रकानाच नव्हता. भिंतीवर होता.

आणखी एक गोष्ट सांगते, ती मला उशिरा कळली. स्वेटर मशीनवर विणले जातात, पण क्रोशाचं असं खेळणं मशीन करत नाही. जगात कुठेही, कितीही मोठ्या दुकानात असा बेडूक दिसला तर तो कुणाच्या तरी हाताने झालेला असतो. म्हणजे बाजारात कुणी तुम्हाला म्हणालं, की अहो, तिकडे तर असाच बेडूक ऐंशीला मिळतो, तर लगेच वरमू नका. तो ऐंशीचा बेडूकही कुठल्यातरी बाईने सुईवर एकेक टाका मोजूनच केलाय. तिचे तास कुणी लिहिले नाहीत म्हणून तो ऐंशीचा आहे. आपल्या साठ बेडकांनी सुद्धा कुठेतरी दुसऱ्या एखाद्या गटाचा भाव पाडला असेल, हेही माझ्या मनातून जात नाही.

तर आता काय ठरलंय ते सांगते. हे मी ठरवलेलं नाही, विणणाऱ्या आठ जणींनी बसून ठरवलंय.

मापासाठी बांगडी. पाचव्या फेरीला ३० टाके झाले की विणलेला गोल २.४ च्या बांगडीत ठेवायचा. नीट बसला तर पुढे जा. बांगडीत हलत असेल तर हात घट्ट आहे, मावत नसेल तर सैल आहे. उसवा, आणि सुई अर्ध्या मिलिमीटरने बदलून बघा. ही युक्ती त्यांचीच. मी पट्टी आणणार होते. पट्टी दर वेळी पोरं शाळेत नेतात, बांगडी हातातच असते.

वहीत ‘तास’ नावाचा रकाना आला आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रेघा ओढायच्या. शिवण्याचा वेळ, उसवण्याचा वेळ, लोकर आणायला तालुक्याला जायचा वेळ, सगळं धरायचं. एसटीचं तिकीट आता बायकांना अर्धं आहे, ते धरा, पण वेळ अर्धा लागत नाही.

सराव झाल्यावर आता एका बेडकाला चार तास लागतात. त्याचा हिशोब असा: लोकर ३० ग्रॅम, ३० रुपये. भरण ७ रुपये. दोरा वगैरे ५. पिशवी आणि कागदाची चिठ्ठी ८. झाले ५०. चार तासांचे चाळीसने १६०. प्रभागसंघाचा गाळा आणि ने-आण २० रुपये. एकूण २३०.

२३० ला कोण घेणार, हे तुमच्या तोंडावर दिसतंय मला. त्या दुकानाने घेतले नाहीत. दरवाढ सांगितल्यावर त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं, आणि त्या दिवशी मला रडू आलं होतं, हेही सांगून टाकते. मग तालुक्याच्या प्रदर्शनात आम्ही २५ नेले, १७ विकले गेले, ८ घरी आले. पुढे त्यातले सात हळूहळू गेले. किल्लीला अडकवायचा छोटा बेडूक, जो सव्वा तासात होतो, तो ७० ला जास्त खपला. म्हणजे मोठी मागणी पुन्हा येईल की नाही, मला माहीत नाही. कदाचित हा धंदा वर्षाला पाचपन्नास बेडकांचाच राहील. तरी आठही जणी म्हणाल्या की चौदाने साठ करण्यापेक्षा चाळीसने सतरा बरे, आणि वेचणीच्या दिवसांत तर मागणी घ्यायचीच नाही. वेचणीत रात्री झोपायचं.

आणि फोनवर ‘हो’ म्हणायचा अधिकार मला नाही. मागणी आली की आधी विणणाऱ्यांची बैठक, मग उत्तर. दुकानदार दोन दिवस थांबत नसेल तर न थांबू दे.

एक कागदाचं काम राहिलंय, ते गंभीरपणे घ्या. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह असणं बंधनकारक आहे. केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडे कारागीर म्हणून ज्यांची नोंद आहे, त्यांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणून प्रत्येकीने आपलं ‘पहचान’ कारागीर कार्ड काढायचं. गटाची नोंदणी आहे म्हणून चालेल असं समजू नका, कार्ड प्रत्येकीच्या नावाचं असतं. आधार कार्ड, फोटो आणि मोबाईल नंबर घेऊन पुढच्या सोमवारी केंद्रात या, अर्ज मी भरून देते. आणि हो, कार्डावर तुमच्या नावापुढे ‘कारागीर’ असं येईल. घरी दाखवा.

बेडूक परत आला का पुढे? आला. एका पायाला शेंगदाण्याचं तेल लागलंय, असू दे, धुतला जातो, हे आपण सिद्ध केलंच आहे.

आज नवीन दहा जणींनी शिकायला नावं दिली आहेत. चहा झाल्यावर त्यांनी इथेच थांबा, सुया आणल्यात, फास घालायला आजी शिकवणार आहेत. मी नाही, त्यांचा फास माझ्यापेक्षा घट्ट बसतो. शिकवायच्या तासाचे पैसे त्यांना मिळणार आहेत, तसा ठराव झालाय. हिरवी लोकर संपली आहे, आज पिवळीच आहे. काही हरकत नाही ना? आठ-पंधरा दिवसांत पहिला मोठा पाऊस पडेल, तेव्हा नाल्याच्या काठी जाऊन बघा, नर बेडूक कसे हळदीसारखे पिवळेधमक झालेले असतात.